काज-बटण

एका शर्टाला सात काजं, सात बटणं.
शर्टामागं तीन रुपये.
दुपारी पत्रा तापला की कात्री हाताला चटका देते,
आणि ह्याच पत्र्याखाली मुंजाजीनं झोपायचं होतं,
रोलिंग मिलची रात्रपाळी करून आलेल्या,
डोळे मिटले तरी आत लाल सळ्या सरकणाऱ्या मुंजाजीनं.

पहिली गोळी कुणी दिली, ठाऊक नाही.
पाळीतल्याच कुणीतरी. अर्धी घे, गार पडशील.
पडला गार.
मी म्हटलं, चला, पोरगं झोपायलंय.
मीच दाराला गोधडी टांगली,
गल्लीतल्या लेकरांना दटावलं.
हे मी डॉक्टरबाईला सांगितलेलं नाही.

गोळीला ते लोक बटण म्हणतात.
मला वर्षभर कळलं नाही.
फोनवर म्हणायचा, दहा बटणं आण.
मला वाटायचं, भाऊ माझ्यासाठीच
स्वस्तातला माल बघायलाय.

मग एका रात्री तो तीनदा जेवला.
आईनं तीनदा वाढलं.
हात धुताना विचारायचा, "जेवलो व्हय मी?"

मग भरदुपारी कुंडलिकेच्या पुलावर,
कठड्यावरून चालत गेला.
आडात डोकवायला भ्यायचा हा लहानपणी,
माझा परकर धरून उभा राहायचा.
लोक म्हणाले, धीट झालाय.

दिवाळीच्या तोंडावर मशीनची मोटर गेली.
सगळ्यात जास्त शोधली ती त्यानंच.
पलंगाखाली, रांजणामागं, पत्र्यावर चढून.
शेजारच्या मेहेत्रेकाकूंशी कडाकडा भांडला.
मग उंबऱ्यात बसून रडला:
तुझ्या पोटावर कुणी पाय दिला गं अक्का.
खोटं नव्हतं ते रडणं. मी त्याला ओळखते.
तिसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं वही उघडून दाखवली.
मुंजाजी. खाली रेघ,
चौथीत बाईंनी शिकवली होती तशी.
फोटो काढून आणला, त्याच्यापुढं धरला.
आपल्याच सहीकडं तो असा बघत राहिला
जशी ती कुणा मेलेल्या माणसाची असावी.

सरकारी दवाखान्यात केंद्रेबाईंनी
केसपेपरच्या पाठीवर मेंदू काढला.
मला काही समजेना.
काय काम करता? काज-बटण.
मग त्यांनी पेन ठेवलं.
म्हणाल्या, मेंदूत काजं असतात.
"निवांत हो" सांगणारं बटण मेंदू घरीच बनवतो.
ही गोळी काजाच्या कडेला येऊन बसते,
घरच्या बटणाचं बळ वाढवते.
रोज रोज एवढी शांतता. मेंदू म्हणतो,
मग इतकी काजं कशाला? एकेक बुजवत जातो.
आणि गोळीच्या अंमलात दिवस टाचला जात नाही.
नुसता अंगावरून ओघळतो.

मी म्हटलं, आजपासून बंदच करते, कोंडून घालते.
त्यांनी माझा हात धरला.
एकदम नाही. झटके येतील, जीव जाईल.
तोडायचं नाही ताई. उसवत यायचं.

उसवणं मला येतं.
कापड न फाटता, टाका टाका मोजून.
आता त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या
माझ्या बटणांच्या डब्यात, डबा पेटीत,
किल्ली माझ्या गळ्यात.
उसवायच्या ब्लेडनंच चतकोर करते,
बाईंनी सांगितलं तेवढंच कमी, सांगितलं तेव्हाच.
चतकोर कधी कधी भुगा होतो.
त्या दिवशी तो मला शिव्या देतो,
ज्या आईनं ऐकू नयेत म्हणून मी मशीन चालवते, रिकामीच.

काल माझ्याजवळ येऊन बसला.
सुईत दोरा ओवायला घेतला. हात थरथर.
अकरा वेळा चुकला.
मी मोजत होते, घेतली नाही हातातून.
बाराव्यांदा दोरा गेला की नाही बघायच्या आत म्हणाला,
"जेवलो व्हय मी?"
जेवलास की. चुक्याची भाजी होती.
"हां," म्हणाला, "खारट झाली होती."

मी अजून जेवले नव्हते.
उठले, पातेल्यात बोट बुडवलं,
चाटून बघितलं.